कारणाच्या आधी अर्धा तास

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' नावाचा विषय होता. त्यात एक प्रश्न हमखास यायचा: खाली दिलेल्या सिस्टिम लिनिअर आहेत का, टाइम-इनव्हेरिअंट आहेत का, कॉझल आहेत का, स्टेबल आहेत का, ते सकारण सांगा. हमखास येतो म्हणूनच आम्ही तो करून जायचो. जाड परदेशी पुस्तक लायब्ररीत होतं, पण खरा आधार लोकल ऑथरचा. त्यातून शिकलेली युक्ती अशी की कंसात n अधिक काहीतरी दिसलं की 'नॉन-कॉझल' लिहायचं, n वजा काहीतरी दिसलं की 'कॉझल'. मला त्या प्रश्नात पूर्ण मार्क मिळाले होते. हे बढाई म्हणून सांगत नाहीये, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ज्यांच्या वाट्याला हा विषय आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळाबरोबर बदलणारी आणि मोजता येणारी कुठलीही गोष्ट म्हणजे सिग्नल. खोलीचं तापमान, माइकमध्ये शिरणारा आवाज, ईसीजीवरची रेघ. सिस्टिम म्हणजे एका बाजूनं सिग्नल आत घेऊन दुसऱ्या बाजूनं दुसरा सिग्नल बाहेर देणारी पेटी. आत काय आहे हे माहीत असायलाच हवं असं नाही. ती कशी वागते हे ओळखायला काही अगदी साधे सिग्नल ठरलेले असतात. स्टेप म्हणजे बटण दाबलं आणि दिवा लागला तो लागलाच. हे फंक्शन ऑलिव्हर हेविसाइडच्या नावानं ओळखलं जातं; टेलिग्राफच्या तारांवर डोकं चालवणाऱ्या या माणसाचं कॉलेजचं शिक्षण झालेलं नव्हतं. रॅम्प म्हणजे शून्यापासून एका गतीनं चढत जाणारी रेघ. आणि इम्पल्स म्हणजे क्षणभराचा एकच ठोका. सिस्टिम लिनिअर आणि टाइम-इनव्हेरिअंट असेल, तर एका ठोक्याला ती काय उत्तर देते एवढं कळलं की पुरे, मग जगातल्या कुठल्याही इनपुटला ती काय करेल हे कागदावर काढता येतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हे ऐकून मी खरंच भारावले होते. एका टिचकीत आख्खी वस्तू कळते! (माणसांच्या बाबतीतही आपण हेच करत असतो. मुलाखतीत एक प्रश्न टाकायचा आणि उत्तरावरून पुढची पाच वर्षं ठरवायची.)

या सगळ्या गुणधर्मांमध्ये कॉझल असणं मला सर्वांत कंटाळवाणं वाटायचं. व्याख्या अशी: आत्ताचं आउटपुट फक्त आत्ताच्या आणि आधीच्या इनपुटवर अवलंबून असलं पाहिजे, पुढे येणाऱ्या इनपुटवर नाही. यात सांगण्यासारखं काय आहे? उद्याचा पाऊस आज कोण भिजवणार? मग नॉन-कॉझल सिस्टिम मुळात शिकवतातच कशाला, असं कुणीतरी वर्गात विचारलं. सर म्हणाले, "रेकॉर्ड केलेला डेटा असेल तर चालतं. एकदा टेपवर आलं की पुढचंही मागचंच असतं." आम्ही ते वाक्य वहीत उतरवलं आणि परीक्षेत लिहिलं.

नोकरी लागली ती शीतगृहांच्या तापमानावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. चेंबरमध्ये सेन्सर, ऑपरेटरच्या केबिनमध्ये एक स्क्रीन, तापमान ठरलेल्या लाल रेषेच्या वर गेलं की स्क्रीनवर अलार्म. सेन्सर दर मिनिटाला एक आकडा पाठवतो. पण तो आकडा शांत नसतो. चेंबरचं दार उघडलं की तापमान उडी मारतं, डिफ्रॉस्ट सुरू झालं की उडी मारतं. प्रत्येक उडीला अलार्म वाजायला लागला तर रात्रीचा माणूस वेडा होईल. म्हणून आम्ही एका तासाची सरकती सरासरी दाखवायचो: गेल्या साठ मिनिटांचे साठ आकडे, भागिले साठ. कोपऱ्यात मूळ आकडाही बारीक अक्षरात दिसायचा. ट्रेनिंगमध्ये आम्ही सांगायचो की त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो नाचतो.

नाशिक जिल्ह्यातल्या एका शीतगृहात हे बसवलं होतं. द्राक्षाचा सीझन, एक्स्पोर्टचा माल, चेंबर अर्ध्या अंशावर ठेवलेला. रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळीला एक वयस्क ऑपरेटर असायचे, ज्यांना सगळे मामा म्हणत. मार्चमधल्या एका रात्री कॉम्प्रेसर बंद पडला. मामांनी मॅनेजरला फोन केला २:५० वाजता. मेकॅनिक येऊन मशीन सुरू होईपर्यंत उजाडलं होतं. चेंबर पुन्हा थंड केल्यावर घडांवर पाणी धरलं आणि तो माल एक्स्पोर्टला गेला नाही. नुकसान मोठं होतं. फोन उशिरा झाला का, हा प्रश्न निघाला. मामांचं म्हणणं एकच होतं: "वाजल्याबरोबर उठलो. मशीन बघून आलो, चालू करून बघितलं, होईना म्हणून फोन लावला." अलार्म नेमका किती वाजता वाजला याची नोंद नव्हती. ती नोंद ठेवायची सोय आम्ही पुढच्या आवृत्तीवर ढकलली होती. म्हणून कंपनीकडे रिपोर्ट मागितला गेला आणि तो मी केला.

डेटा काढला, आलेख काढला. मूळ आकड्यांचा आलेख फार गिचमिड दिसत होता म्हणून तासाची सरासरी घेतली. इथे एक छोटी निवड करावी लागते. प्रत्येक बिंदूसाठी मागचे साठ आकडे घ्यायचे, की मागचे तीस आणि पुढचे तीस? दुसऱ्या प्रकारात वक्र सुबक दिसतो, चढ-उतार मूळ आकड्यांच्या मधोमध बसतात, मागे रेंगाळत नाहीत. बहुतेक टूल्समध्ये ती एका शब्दाची गोष्ट आहे. मी तो शब्द टाकला. त्या आलेखात तापमानानं लाल रेषा ओलांडली होती २:१० वाजता. फोन २:५० चा. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: 'मर्यादा ओलांडल्यानंतर ४० मिनिटांनी कळवण्यात आलं.' मामांचं काम गेलं.

जुलैमध्ये दुसऱ्याच कामासाठी त्या शीतगृहाच्या एनर्जी मीटरचा डेटा माझ्याकडे आला. नव्या आवृत्तीत विजेचे आकडे आणि तापमान एकाच स्क्रीनवर दाखवायचं होतं. चाचणीसाठी एखादी ठळक घटना हवी म्हणून मी तीच रात्र घेतली. कॉम्प्रेसरचा करंट १:४० ला शून्यावर आला होता. माझ्या रिपोर्टमधल्या वक्रात तापमान चढायला लागलं होतं १:१० पासून.

कॉम्प्रेसर बंद पडण्याच्या अर्धा तास आधीपासून चेंबर तापत होता.

पहिला विचार घड्याळांचा आला. दोन डिव्हाइसची घड्याळं जुळत नसतील. जुळत होती. मग मूळ आकडे बघितले, तर चढ १:४० लाच सुरू होत होता. तेव्हा कुठे उजेड पडला. १:१० नंतरच्या प्रत्येक बिंदूची माझी खिडकी १:४० च्या पुढे डोकावत होती आणि तिथली ऊब मागे ओढून आणत होती. सेकंड इयरच्या भाषेत, n अधिक ३०. मी मागची सरासरी काढून पाहिली, म्हणजे मामांच्या स्क्रीनवर त्या रात्री जी रेघ होती ती. तिनं लाल रेषा ओलांडली होती २:४० ला. फोन २:५० चा. मधली दहा मिनिटं म्हणजे टॉर्च घेऊन मशीनपर्यंत जाणं, चालू करून बघणं, परत येणं. ते सांगत होते तेच.

आता नुसतं चुकीचं बटण दाबलं गेलं असं म्हणून हे संपवता येतं. ऑफिसात बहुतेकांनी तसंच संपवलं. पण मला त्यातून एक जुनाच प्रश्न नव्यानं दिसायला लागला, आणि तो आलेखापुरता नाही. घडून गेलेल्या गोष्टीचा न्याय करताना आपल्यासमोर नेहमी रेकॉर्डिंगच असतं. पुढचं काय झालं ते माहीत असतं. ते माहीत नसल्यासारखं आपण वागू शकतो का?

१९७५ मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यानं लोकांना १८१४ सालच्या इंग्रज आणि गुरख्यांमधल्या संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं, मुद्दाम बहुतेकांना माहीत नसलेलं. शेवट चार प्रकारे होऊ शकत होता: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, तह न होता कोंडी झाली, तह होऊन कोंडी फुटली. काहींना यातला एक शेवट खरा म्हणून सांगितला, काहींना काहीच सांगितलं नाही. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच शेवट वर्णनातून आधीच दिसत होता असं वाटलं. इथवर काही नवल नाही. पण पुढे त्यांना सांगितलं की तुम्हाला शेवट माहीत नाही असं समजून उत्तर द्या. तेही त्यांना जमलं नाही. माहितीचा शिरकाव झाला की ती काढून ठेवता येत नाही, आणि शिरली आहे हे कळतही नाही.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण धृतराष्ट्र आहे. आदिपर्वात, सगळं संपल्यावर, तो संजयाजवळ एक लांबलचक विलाप करतो. द्रौपदीला अर्जुनानं जिंकलं हे ऐकलं तेव्हाच विजयाची आशा सोडली, अमुक ऐकलं तेव्हा सोडली, तमुक ऐकलं तेव्हा सोडली. अशा कितीतरी जागा तो मोजून दाखवतो. खरंच तेव्हा आशा सोडली असती तर द्यूताला परवानगी का दिली असती? तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याची खिडकी कुरुक्षेत्राच्या पलीकडून सुरू होऊन स्वयंवरापर्यंत मागे आलेली आहे, एवढंच. आणखी एक गंमत: संजय युद्धाचं थेट प्रक्षेपण करत होता अशी आपली समजूत असते. भीष्मपर्वात मात्र तो दहाव्या दिवशी भीष्म पडल्याची बातमी घेऊन येतो आणि मग पहिल्यापासून सांगायला लागतो. म्हणजे गीता ऐकताना धृतराष्ट्राला भीष्मांचं काय झालं ते माहीत होतं. अर्जुनाला नव्हतं. एकाच संवादाचे हे दोन श्रोते, एक कॉझल आणि एक नॉन-कॉझल. प्रश्नच पडतो की दोघांनी ऐकलं ते एकच होतं का.

माझा एक सहकारी यावर नाराज झाला. त्याचं म्हणणं, मग कशाचाच जाब विचारायचा नाही का? मागे वळून पाहिलं नाही तर सुधारणार कसं? मुद्दा बरोबर आहे. शिकायचं असेल तर नॉन-कॉझल फिल्टरच हवा. पुढची माहिती मुद्दाम वापरूनच कळतं की बिघाड कुठून सुरू झाला, अलार्म किती आधी वाजायला हवा होता, तासाची सरासरी हीच मुळात चुकीची होती का. (होती. एखाद्या गोष्टीची खात्री करायला एक तास घ्यायचा आणि मग त्या तासाचा हिशेब ऑपरेटरकडे मागायचा, हे आमचं डिझाइन होतं.) पण दोष द्यायचा असेल तर आलेख दुसरा लागतो. तो त्या माणसाच्या स्क्रीनवर त्या मिनिटाला होता तोच असावा लागतो. आपण पहिल्या कामासाठी काढलेला आलेख दुसऱ्या कामाला वापरतो. घरात कुणी गेल्यावर 'दोन दिवस आधी दाखवायला हवं होतं' हे वाक्य ज्या सहजतेनं येतं, ते आठवा. पुढच्या वेळी काय करायचं यासाठी ते वाक्य योग्य आहे. ज्या बाईनं ते दोन दिवस शेजारी बसून ताप मोजला, तिच्या तोंडावर ते म्हणणं ही निराळी गोष्ट आहे.

सहकारी म्हणाला, पण कोपऱ्यात मूळ आकडा होताच की. २:१० ला तो अडीच अंश दाखवत होता. दाखवत होता. त्या आठवड्यात दर रात्री तीन-चार वेळा दाखवत होता, दार उघडल्यावर. इथे दुसरे गुणधर्मही आठवतात. मामा म्हणजे मेमरी नसलेली सिस्टिम नव्हते. रेझिस्टरला कालचं काही आठवत नाही, कपॅसिटरला आठवतं. त्या सीझनमध्ये मामांनी रात्री तीनदा मॅनेजरला उठवलं होतं आणि तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. चौथ्यांदा फोन करण्याआधी माणूस मशीन बघून येईल, तसे ते आले. मॅनेजरच्या डोक्यातही एक सिस्टिम चालू होती, नुसती बेरीज करणारी. तिची ख्याती अशी की ती स्टेबल नसते. इनपुट लहान आणि मर्यादित असलं तरी ते येत राहिलं की आउटपुट रॅम्पसारखं चढतच जातं, कारण काही गळून जायला तिला छिद्रच नसतं. माझा आलेख पोचला तेव्हा ती बरीच वर गेलेली होती.

मी बराच काळ मामांना निर्दोष ठरवणारा हा नियम घेऊन खूश होते: माणसाला त्या क्षणी जे माहीत होतं त्यावरच तोला. मग वाटलं, तोच नियम मलाही लावून बघावा. मला कुठे माहीत होतं, की या आलेखावर कुणाची नोकरी ठरणार आहे? मला कुठे माहीत होतं, की कॉम्प्रेसर १:४० ला बंद पडला? एनर्जी मीटरचा डेटा तर चार महिन्यांनी आला. म्हणजे मीही सुटते.

सुटत नाही. आलेख काढताना माझ्याकडे जे इनपुट होतं ते मी एकदा नीट लिहून काढलं. रिपोर्ट फोनच्या उशिराबद्दल आहे हे मला माहीत होतं. मेलच्या विषयातच ते होतं. मधल्या खिडकीची सरासरी पुढचे आकडे वापरते हे मला माहीत होतं. त्याचेच पूर्ण मार्क मिळाले होते. ऑपरेटरच्या स्क्रीनवर मागची सरासरी असते हेही मला माहीत होतं, कारण तो कोड माझा होता. तिन्ही गोष्टी माझ्याकडे त्या मिनिटाला होत्या. पुढचं काहीच लागत नव्हतं. मी त्या तिन्ही एकत्र आणल्या नाहीत, कारण वक्र छान दिसत होता, आणि चाळीस मिनिटं हा आकडा आमच्या कंपनीला सोयीचा होता. दुसरं कारण तेव्हा मनात होतं की आता मागाहून दिसतंय, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. फिशहॉफ वाचल्यापासून तर मुळीच नाही.

दुरुस्त आलेख मी माझ्या मॅनेजरला पाठवला. तो त्यानं ग्राहकाला पाठवला, दोन ओळींच्या मेलसोबत. 'सुधारित रिपोर्ट जोडला आहे.' तिकडून उत्तर आलं की सीझन संपला आहे, पुढच्या वर्षी बघू. मामांचा नंबर मिळवायला मला आणखी पंधरा दिवस लागले. यातले बारा दिवस नंबर मिळत नव्हता म्हणून गेले नाहीत.

ते आता गावातच एका बागायतदाराकडे पाणी सोडायच्या कामाला होते. मी कोण ते सांगितलं. सरासरी वगैरे सांगायला लागले, मग थांबले आणि म्हणाले, "मामा, माझ्या कागदात चूक होती. अलार्म दोन चाळीसला वाजला होता. तुम्ही दहा मिनिटांत फोन केलात."

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता. त्यांनी ती बंद केली असावी, आवाज थांबला.

"दोन चाळीसलाच ना?"

"हो."

"नक्की ना ताई?"

"नक्की. मी तीन वेळा बघितलं."

"नाही, काय झालं, त्यांनी तो कागद दाखवला ना. सगळ्यांसमोर. कॉम्प्युटरचा कागद म्हटल्यावर… मलाच मग वाटायला लागलं, डोळा लागला असेल का काय. वाजत असेल आधीपासून आणि मला ऐकू आलं नसेल. घरी पण तसंच सांगितलं मी. डोळा लागला असेल म्हणून."

मला काही बोलता आलं नाही. त्यांनीच विचारलं, तो नवा कागद मिळेल का. मी म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.

"माझ्याकडं तो फोन नाही. पोराच्या नंबरवर पाठवा," ते म्हणाले, आणि एकेक आकडा सावकाश सांगायला लागले.